पुडीची घडी

—नाही नाही, त्या बादलीला हात लावू नका, त्यात पोरांचा समुद्र आहे. निळा रंग, साबणाचा फेस, आणि धाकट्याने वरून काय काय सोडलंय ते मला विचारू नका. भिंतीला धरून या, जमीन चिकट आहे. हा संडास. कालपासून पाणी वर येतंय. पाच मजले चढून आलात ना? लिफ्ट तीन आठवडे बंद आहे — म्हणून तर हे सगळं. माझ्या गुडघ्यांनी मी मुलांना खाली नेणार कसा? मुलगा आणि सूनबाई साडेआठला कामावर जातात, ते सातला येतात. मधे मी आणि ही दोन नातवंडं. थोरली सहाची, धाकटा तीनचा. आता झोपलीत, म्हणून आवाज जरा बेतानं.

घाला तार, घाला. फ्रीजवरचा तो कागद बघितलात येताना? सूनबाईने लावलाय माझ्यासाठी. ‘लहान मुलांना घरात रमवण्याचे छत्तीस उपाय.’ छत्तीस. ज्याने लिहिलेत त्याला मूल नसणार, आणि असलंच तर त्याला दुसरंच कोणीतरी सांभाळत असणार. उपाय पहिला, कणकेत रंग घालून प्राणी करा. केले. तेहेतीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होतो मी — जखमा पाहिल्या, उलट्या पुसल्या, हात धुऊन डबा खाल्ला. पण शेंबडात मळलेली कणीक काय असते ते या घरात कळलं. काल धाकट्याने हत्ती केला, चाटला, आणि मग माझ्या तोंडात घातला. आजोबा बाळ झालेत म्हणे, बाळाला भरवायचं. गिळला मी. काय करणार? थुंकला असता तर तासभर रडला असता. उपाय बारावा, बोटांनी चित्र काढा — ते बघा दारावर, माझ्या चादरीवर, आणि आरशात बघितलं तर टकलावर. शी. डोक्यावर मिऱ्या वाटणं म्हणतात ना, ते हे.

छत्तिसातला एकही उपाय अर्धा तास टिकत नाही. टिकतो तो माझा एकच, आणि तो त्या कागदावर नाही — दवाखाना. मी कंपाउंडर, थोरली डॉक्टर, धाकटा पेशंट, आणि पिठाच्या पुड्या. एका खेळात दोन तास जातात. पीठ मात्र घरभर. मग मी झाडतो, वाकून, या गुडघ्यांवर.

काय निघालं? मोजा आता. हा बाहुलीचा हात. हे चमच्याचं टोक. हा कंगवा — माझाच आहे. मला केस नाहीत ते सोडा, वस्तू माझी आहे. फेका. सगळं फेका, ते परत हातात कोण धरणार?

खरं सांगू? वीट आलाय मला. मी तर सूनबाईला म्हटलं, टाक यांना कुठेही. तिने बघितलंही. पलीकडच्या रस्त्याला पाळणाघर आहे, दोघांचा मिळून एक फॉर्म, भरायचा आजचा शेवटचा दिवस. मी सुटलोच असतो. माझी स्वतःची वेगळी खोली आहे, तिकडे परत गेलो असतो, स्वच्छ आहे. सकाळी वस्तू ठेवली की संध्याकाळी तिथेच सापडते. दिवसभर घड्याळ ऐकू येतं — दुसरं काही नाही येत. आता फॉर्मच सापडत नाहीये, त्याला मी काय करू? काल रात्री तिने घर पालथं घातलं. आळ आला थोरलीवर, ती कागदाच्या होड्या करते ना. दोन धपाटे बसले तिला. सहा वर्षांची आहे हो ती.

थांबा. ते काय आलं? द्या इकडे. अहो, उघडू नका म्हणतोय — हो, तोच. जाड गुळगुळीत कागद, विरघळला नाही मेला. मुलांनीच टाकला असणार, दुसरं कोण टाकणार? — काय? घडी?

नजर बरी आहे तुमची. हो, औषधाच्या पुडीची घडी आहे ती. थोरलीला शेवटची खोच जमत नाही, तिच्या पुड्या सुटतात. ही रात्रभर पाइपात राहून सुटली नाही. फाडणार होतो, पण मुलांची नावं होती त्यावर, फाडवेना. मग हात आपोआप घडी घालत गेले. तुम्ही वाचू नका, मी सांगतो काय लिहिलंय ते. तिथे एक रकाना आहे — सध्या मुलांना घरी कोण सांभाळतं? सूनबाईने लिहिलंय, ‘कोणी नाही.’ घाईत लिहिलं असेल. तसं लिहिलं की जागा लवकर मिळत असेल. वाईट नाही ती. पण कोणी नाही?

आणि किळस कसली येते सांगू — त्या कणकेची नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली काल, आणि चोर त्या खुर्चीत पेपर तोंडासमोर धरून बसला होता. पोरीने मला पाहिलं होतं. फ्लश ओढत होतो तेव्हा ती दारात उभी, तोंडात ब्रश. मार खाताना एकदा माझ्याकडे बघितलं तिने, आणि ताकास तूर लागू दिली नाही. मी पान उलटलं पेपरचं.

काय सापडलं ते फोन करून कळवा, असं सांगितलंय सूनबाईने तुम्हाला? मग कळवा की. सांगा, कंगवा होता, चमचा होता, आणि —

तू कधी उठलीस? इथे येऊ नकोस, पाय घाण होतील. — काय म्हणालीस? तू टाकलास?

अहो, खोटं बोलतेय ती. ऐकू नका तिचं. फोन ठेवा तो खिशात, सूनबाईला मीच सांगतो. उभे काय राहिलात, झालं ना तुमचं काम? हत्यारं उचला आणि निघा. तो कागद नाही, तो ठेवा इथे बेसिनवर. संध्याकाळपर्यंत वाळेल. अक्षरं लागतात अजून. जा तुम्ही.