अर्धा गिलावा

मॅडम : …दाजींच्या खोलीत गिलावा फक्त खांद्यापर्यंत, आणि काका, तुमच्या खोलीत फक्त वरचा. हे कसं काय?

मेव्हणा : ज्याची त्याची पद्धत, मॅडम.

दाजी : माझा मेव्हणा आहे. लग्नातही मांडवाच्या उलट्या बाजूनं आला होता.

मॅडम : मी सुरक्षा विभागाची. साठीच्या पुढच्या गवंड्यांची पाहणी आहे. कुठे दुखतं, एवढंच सांगायचंय.

मेव्हणा : कुठेच नाही. ठणठणीत लिहा.

मॅडम : मग खाली या, सही करा.

मेव्हणा : कागद वर द्या ना.

मॅडम : जेवणाच्या सुट्टीतही तुम्ही ड्रमांवरच्या त्या फळीवरच उभे होतात.

मेव्हणा : वर हवा चांगली आहे.

दाजी : पुरे कर रे. मॅडम, याचे गुडघे गेलेत. चढता-उतरताना मी हात देतो. आज ड्रमाला धरून कसाबसा चढला, आता उतरता येत नाही.

मेव्हणा : दाजी!

दाजी : आणि माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. वरचं हा करतो, खालचं मी. तीन वर्षं कुणाला कळलं नाही. आज मुकादम म्हणाला, एका भिंतीला दोन माणसं कशाला? दिल्या वेगळ्या खोल्या.

मॅडम : त्यांना सांगायचं होतं.

दाजी : काय सांगू? दोघांत मिळून एकच गवंडी उरलाय?

मॅडम : कठड्याची शिडी, बसायला बुटकं स्टूल, घमेलं ठेवायला उंच टेबल. मागवता येतं हे सगळं.

मेव्हणा : ते येईल तेव्हा येईल. कागद आज जाईल. साहेब म्हणतील, म्हातारे काढा.

मॅडम : मग खोटं लिहू?

मेव्हणा : नको. लपवून लपवून जीव मेटाकुटीला आलाय. लिहा काय ते.

मॅडम : दोघांना एकाच खोलीत ठेवा, असंही लिहिते. ऐकतील की नाही, ते मात्र माझ्या हातात नाही.

मेव्हणा : काढलं, तर ताईला काय सांगाल, दाजी?

दाजी : तुझ्या बहिणीला सगळं ठाऊक आहे. सदरा रोज तीच चढवते माझ्या अंगात.

मॅडम : सही आधी कोण करतंय?

दाजी : आधी याला उतरवू द्या. (डावा हात वर करतो.) ये.

मेव्हणा : आणि उद्या?

दाजी : उद्याचं उद्या. आधी हा पाय टाक.