डंकनाची किल्ली

पुरवणी जबाब

मी निखिल हौसेराव धुमाळ, वय ३६ वर्षे, धंदा घरचा मसाला कारखाना, राहणार नेरुळ, पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर राहून सांगतो की,

तुर्भे येथे आमचा मसाला कुटण्याचा कारखाना आहे. तो वडिलांनी सुरू केला. दोन वर्षांपासून कारभार थोरली बहीण चारुलता पाहत होती. मी डिलिव्हरी पाहत होतो. कारभार तिला देताना वडिलांनी मला विचारले नव्हते.

डंकनाचे, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्राचे, लोखंडी मुसळ वर गेले की वडील आत हात घालून मसाला हलवत. मार्चमध्ये ताईने डंकनाला जाळी बसवली, कुलूप लावले व किल्ली आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवली. वडील म्हणाले, "मसाला हाताला कळतो, जाळीला नाय." ताई म्हणाली, "अण्णा, तुमचं वय झालंय. आता हात घालायचा नाही." हे ती कामगारांसमोर बोलली.

त्यानंतर बारा दिवस वडील तिच्याशी बोलले नाहीत. दुपारी आम्ही तिघे एकत्र जेवत असू. ते डबा न उघडता घरी नेत.

दिनांक ९ एप्रिल रोजी सकाळी अकराच्या सुमारास ताई लायसन्सच्या कामासाठी बेलापूरला गेली. मी किल्ली काढून जाळी उघडली व वडिलांना म्हणालो, "या अण्णा, बसा तुमच्या जागेवर." ते हसले. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तूच ओळखलंस मला." असे ते मला आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. मला फार बरे वाटले. मी चहा सांगायला बाहेर गेलो. ओरडणे ऐकून आत आलो तेव्हा त्यांचा उजवा हात मुसळाखाली होता. तिसऱ्या दिवशी ते रुग्णालयात वारले.

किल्ली वडिलांनीच घेतली, असे मी पहिल्या जबाबात सांगितले होते. ते खोटे आहे. तेव्हापासून ताई एकच बोलते, "मी किल्ली ड्रॉवरमध्ये ठेवायला नको होती." ती धड जेवत नाही. कारखाना तिने कायमचा बंद केला. मी रोज समोर बसून तिची समजूत काढत होतो. आज निष्काळजीपणाबद्दल तिलाच चौकशीला बोलावले आहे.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मी बोललो तसाच तो उतरला आहे. ताई बाहेर बाकावर बसली आहे. मी तिला धीर द्यायला आलो, असे तिला वाटते. तिलाही हा जबाब तुम्हीच वाचून दाखवावा. माझ्याने होणार नाही.