मामाला फोटोत बसवायचं पुस्तक

...आणि वर तो दुकानदार म्हणतो काय, "उघडलं की घ्यावं लागतं!" अहो, पुस्तक आहे का कलिंगड? आणि कलिंगडवालासुद्धा बिचारा चौकोनी फोड कापून आतला लाल दाखवतो की! पण नगरच्या त्या राधाकृष्णशेठनं कॉम्प्युटरची सगळी पुस्तकं प्लास्टिकमध्ये अशी गच्च बांधून ठेवलेली, जणू आत पापड आहेत आणि सादळतील. समोर उभा आमचा भीमराज, भिंगारचा फोटोवाला, वीस वर्षं निगेटिव्ह धुतलेला माणूस, कॉम्प्युटर घेऊन जेमतेम महिना झालेला... आणि त्याला एका जुन्या फोटोत एक नवा माणूस घुसवायचा होता. नऊ दिवसांत! कसा घुसवायचा, ते यातल्या कुठल्या तरी पुस्तकात होतं. कुठल्या, ते बाहेरून कसं कळणार?

आता कुठला माणूस, ते ऐका. केडगावच्या गोजरबाईंचा भाऊ, जामखेडचा सूर्यभान. गेल्या वर्षी गोजरबाईंच्या माधुरीचं लग्न झालं, फोटोला भीमराजच. आणि हा सूर्यभान, नवरीचा सख्खा मामा, ऐन मांडवात रुसला. का? तर फेटा आधी नवरदेवाच्या मामाला बांधला, याला नंतर! झालं, जाऊन बसला टेम्पोत. समजूत काढायला सतरा माणसं गेली, सतरा परत आली. इकडं ऊन उतरायला लागलं, भीमराज ओरडला, "आले का सगळे?" कुणीतरी म्हणालं, "आले, आले!" आणि यानं बटण दाबलं. संपलं! फेट्याचं दुःख मामा एक वेळ विसरला असता, "पर मी नसताना फोटू काढलाच कसा?" हे काही तो विसरेना. वर्षभर बहिणीच्या उंबऱ्यावर पाय नाही. भाऊबीजेला गोजरबाई ताट घेऊन वाट बघून बघून थकल्या, शेवटी चंद्राला ओवाळलं.

आणि आला की हो अधिक महिना! नव्याण्णव सालचा, ज्येष्ठ. जावयाला धोंड्याचं जेवण, नऊ दिवसांवर. जामखेडहून निरोप आला, "यीन. पर भिंतीवरल्या फोटूत मी दिसलो तरच उंबरा वलांडीन." गोजरबाई स्टुडिओत येऊन बसल्या, पदर डोळ्याला. "भीमराज, भाऊ मला येकच हाय रं. तुज्या त्या कॉम्पुटरात हुतंय म्हनं समदं..." आता बटण कुणी दाबलं होतं? यानंच ना? "होईल काकू," म्हणून बसला. अरे बाबा, तुला तो कॉम्प्युटर चालू करता येत होता आणि बंद करता येत होता, मधलं काय?

म्हणून हा दुकानात. पुस्तकं चार. एक मराठी, कॉम्प्युटर चालू कसा करावा तिथून सुरू. दुसऱ्यावर लिहिलेलं, तीस दिवसांत शिका. यानं बोटं मोजली... नऊ! तिसऱ्यावर पंधरा दिवस. "शेठ, रोज दुप्पट वाचलं तर?" "वाचा की, मला काय! पण उघडलं की घ्यावं लागतं." चौथं इंग्रजी, उशाला घ्यावं एवढं जाड, वर 'अ‍ॅडव्हान्स्ड', आणि मुखपृष्ठावर एकच बाई चक्क दोन ठिकाणी उभी! भीमराजचे डोळेच चमकले. एक बाई दोनदा उभी राहते, मग एक मामा एकदा नाही राहणार? अर्धा तास उचलतोय, ठेवतोय, उजेडाला धरतोय, नखानं जरासं कुरतडतोय... "अहो, नख!" शेठ खेकसला. हा दचकला. प्लास्टिक टर्रकन फाटलं. घ्यावं लागलं!

घरी आला. बायको प्रज्ञा शाळेत शिकवते, तिचं इंग्रजी बरं. तिनं पहिलं पान वाचलं आणि पुस्तक उलटंसुलटं करून बघायला लागली. "काय गं?" "यात लिहिलंय, पहिल्या भागात तुम्ही हे सगळं शिकलाच आहात." "कुठल्या पहिल्या भागात?" तिनं कव्हरावरची किमतीची चिठ्ठी खरवडली. खाली छापलेलं, भाग दुसरा! पळाला परत. "शेठ, पहिला भाग?" "संपला." "मग बदलून?" "अहो भीमराज, उघडलं की..." सांगायला नको पुढचं!

मग काय, प्रज्ञा डिक्शनरी घेऊन शेजारी. "लेयर म्हणजे थर." "कसला थर?" "एका फोटोवर दुसरा, पारदर्शक." "मग बटरपेपर म्हण की!" आणि तिथून गाडी चालली. चालली म्हणजे काय, चौथ्या दिवशी नवरीचं डोकं गेलं, सहाव्या दिवशी सगळं कामच गेलं, कारण केलेलं जपून कसं ठेवायचं ते होतं पहिल्या भागात! सातव्या दिवशी मामा फोटो काढून द्यायला एसटीनं स्टुडिओत हजर. यानं त्याला फेटा बांधला, उभा केला. तोंड कारलं चावल्यासारखं. आणि वीस वर्षांची सवय हो... "मामा, जरा हसा की!" आणि तुम्हाला सांगतो, मामा हसला!

धोंड्याचा दिवस. फोटो भिंतीवर. जावई पाटावर, पुरणाचे धोंडे गार होतायत, मामा उंबऱ्याबाहेर. मामानं वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. भीमराजला वाटलं, पुन्हा टेम्पोच...

"मीच हाय," मामा म्हणाला आणि आत आला. गोजरबाई ढसाढसा रडल्या. मामानं नऊ धोंडे खाल्ले, हात धुतला, फोटोसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "भीमराज, झ्याक केलंस. पर ह्यो हसतोय का रं? समद्या वऱ्हाडानं मला रुसल्यालं बघितलंय, आन फोटूत दात? मंजी माजा रुसवा खोटा? येवढं तोंड रुसल्यालं कर. तवर मी हितंच ऱ्हातो."

ऐका! जन्मभर लोक हसवा म्हणाले, हा पहिला गडी रुसवा म्हणणारा! भीमराज चपला घालायला बाहेर आला, तर मागून गोजरबाई, हळूच, "भीमराज... लौकर नगो करूस रं."

महिना झाला. मामा केडगावातच. आणि राधाकृष्णशेठकडं भाग तिसरा आलाय, प्लास्टिकमध्ये, मुखपृष्ठावर तीच बाई, एकदा हसरी, एकदा रुसलेली. भीमराज दर दोन दिवसांनी जातो, उचलतो, उजेडाला धरतो, नख खिशात ठेवून परत ठेवतो. शेठ वैतागून म्हणतो, "उघडा की एकदाचं!"

"नको शेठ," हा म्हणतो. "उघडलं की शिकावं लागतं!"