वाऱ्याच्या आडोशाला

विनिता : परत काढलंत? मशीन कानात घाला आधी.

सुदेश : खिशात आहे गं. वारा घुसतो त्यात. नुसतं घूं घूं चाललंय डोक्यात.

विनिता : घरी कोपरीत म्हणता हॉर्न घुसतात, कुकरची शिट्टी घुसते. इथे आलो तर वारा. सरळ सांगा ना, घालायचंच नाहीये म्हणून.

सुदेश : जागा कोणी शोधली? पलीकडच्या बीचवर सगळं ठाणं उतरलंय. भेळ आहे, घोडागाडी आहे. आणि आपण इथे, सुरूची चार झाडं बघत. सकाळी पोह्यांवरचं खोबरं उडालं माझ्या.

विनिता : डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? शांत जागी आठ दिवस सवय करा. म्हणून गर्दी सोडून आले. मला काय माहीत हा वारा तोंड उघडू देणार नाही.

सुदेश : हो, बरं.

विनिता : कान इकडे करा. हे तुमचं 'बरं' आहे ना, याचाच मला वैताग आलाय. ऐकू नाही आलं तर विचारा. ते नाही. मान हलवायची आणि बरं म्हणायचं.

सुदेश : अगं, वागळे इस्टेटला तीस वर्षं प्रेस मशीनवर काढतोय. तिथे सगळे तेच करतात. सुपरवायझर बोलला की मान हलवायची, मग हातवाऱ्यांवरून समजून घ्यायचं. परत परत विचारलं की माणूस चिडतो. तूपण चिडतेस.

विनिता : म्हणून घरातपण? गॅस संपला, बरं. आपल्या रसिकाला बघायला येतायत, बरं. छातीत गाठ लागतेय म्हटलं, तेव्हापण बरं.

सुदेश : कसली गाठ?

विनिता : जाऊ दे आता.

सुदेश : विनिता, कसली गाठ?

विनिता : मार्चमध्ये. तुम्ही दाढी करत होतात, नळ चालू होता. मी दारात उभी राहून सांगितलं. डॉक्टरकडे जायचंय, याल का म्हणून विचारलं. तुम्ही बरं म्हणालात आणि डबा घेऊन कामाला गेलात.

सुदेश : मला काहीच...

विनिता : अकरा वाजेपर्यंत साडी नेसून बसले होते. वाटलं, हाफ डे टाकून येतील.

सुदेश : मग?

विनिता : मग एकटीच गेले. सुई घालून तपासलं. आठ दिवस रिपोर्टची वाट बघितली, तुमच्या शेजारी झोपून. साधी निघाली गाठ. तुम्ही एका शब्दाने विचारलं नाहीत. मी समजून गेले, या माणसाला माझं काही पडलेलं नाही.

सुदेश : फोन करायचास गं.

विनिता : फोनवर तरी कुठे ऐकू येतं तुम्हाला?

(सुदेश खिशातून मशीन काढतो. वारा सुरूंमधून वाहत राहतो.)

सुदेश : ऊठ.

विनिता : आता कुठे?

सुदेश : आपण उतरलोय त्या घराच्या मागे, विहिरीपाशी. तिथे वारा लागत नाही. दात घासताना बघितलंय मी.

विनिता : कशाला उगाच? होऊन गेलं ते.

सुदेश : ही लाल खूण कुठल्या कानाची?

विनिता : उजव्या. थांबा, उलटं घालताय. हं, आता बसलं. येतंय का?

सुदेश : येतंय. तू इथे काठावर बस. हळू बोललीस तरी चालेल.

विनिता : काय बोलू?

सुदेश : तू दारात उभी आहेस. नळ बंद केलाय मी. सांग.