ऐंशी-वीस

नाही नाही ताई, उठू नका, चहा होतोय — तो कागद राहू द्या तिथेच टीपॉयवर. वाचला मी. गतविजेती वैशाली खरात, ऐंशी टक्के — आव्हानवीर शेरॉन, वीस टक्के — आणि खाली तुमची सही, शेरॉनची मॅनेजर म्हणून. मॅनेजर कसले, तुम्ही तिची आई, मी वैशालीचा बाप. बाळकुमहून एवढ्या उन्हात आलात. वैशाली? बॉक्सिंगच्या सरावाला गेलीय, वागळे इस्टेटला, सहापर्यंत येईल. तिच्यासमोर सही करा म्हणता? करू की. म्हणजे — बघू.

बुधवारी संयोजकांचा फोन आला ना, तेव्हा मी पंख्याची पाती पुसत होतो. शाळेला सुट्टी, मी स्टुलावर, हातात ओलं फडकं, वैशाली खाली स्टूल धरून. तिने फोन स्पीकरवर टाकला. सामना ठरला, ठाण्यातच, बक्षीस पाच लाख — वाटणी मात्र तुम्ही आपसांत ठरवा, सोमवार रात्रीपर्यंत दोन्ही मॅनेजरच्या सह्या आल्या नाहीत तर सामना रद्द. वैशालीने स्टूल सोडून उडीच मारली! पडलोच असतो मी. आणि एवढ्या सगळ्यात मला एकच शब्द ऐकू आलेला — रद्द.

म्हणून तुम्हाला फोन करून मी साठ मागितले, तुम्ही हो म्हणालात. साठ-चाळीस एक वेळ समजू शकतो — तिकिटं खपतात ती विजेतीच्या नावावर, विजेतेपदाचा पट्टा पणाला लावते ती. पण मग हरली तरी साठ तिचेच, हा कुठला न्याय? आणि ठोसा? ठोसा काय साठ-चाळीस लागतो? दोघींना सारखाच लागतो हो. खरं तर निम्मे-निम्मे द्यावेत, वर थोडं जिंकेल तिला — सातवीतल्या पोरांनासुद्धा पटेल. तरी मी सत्तर म्हटलं. तुम्ही म्हणालात, बरं. मग ऐंशी — फोनवर जीभ अडखळली माझी — तर तुम्ही म्हणालात, मास्तर, पोरीला विचारते. आणि आज सही करूनच आलात! असं कुणी करतं का? भांडायचं ना ताई! एवढा हावरट माणूस जन्मात पाहिला नाही म्हणायचं, फोन आपटायचा. मी शुक्रवारपासून तुमच्या शिव्यांची वाट बघतोय.

काय? शेरॉनच म्हणाली? पैसे नकोत, रिंगमध्ये उतरू द्या — पट्टा आला की पुढच्या वेळी ऐंशी माझेच... हुशार आहे. हसताय काय, नव्वद मागणार का म्हणून? मागितले असते हो. त्यालाही तुम्ही सही केली असती.

हा शब्द बघा — गतविजेती. सव्वीस वर्षं मराठी शिकवतोय, गत म्हणजे मागच्या खेपेची, एवढं कळतं मला. पण भिंतीवर तो फोटो आहे ना, वैशालीच्या आईचा, सगुणाचा — त्याखाली कालकथित लिहिलंय, म्हणजे दिवंगत, तेही मीच लिहून दिलेलं. तेव्हापासून असला शब्द आला की हात थांबतो. कशाने गेली? जिन्यात पाय घसरला, डोकं आपटलं. जखम नाही, रक्त नाही. डॉक्टर म्हणाले, स्कॅन करून घ्या. ती म्हणाली, उद्या करू, आज तुमचे पेपर तपासायचे राहिलेत — मी पण म्हटलं, उद्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा ओतत होती, कपात नाही, कपाच्या बाजूला. मी ओरडलो, लक्ष कुठाय तुझं! तिच्याशी माझं शेवटचं बोलणं ते.

परवा वैशालीने चहा बाजूला ओतला. ओट्यावर. मी नुसतं फडकं घेतलं न् पुसलं. मागच्या सामन्यापासून मोबाइल बघताना डावा डोळा मिटते. एकाचे दोन दिसतात, पप्पा, थोडेसेच, म्हणाली — आणि आईची शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही. डॉक्टरांच्या कागदावर आलं की खेळायचं लायसन्स गेलं, मग काय तुमच्या शाळेत कवायत घेऊ? म्हणून ऐंशी. कळलं आता? मला पैसे नकोत हो. तुम्ही चिडून उठून जावं, एवढंच हवं होतं. पैशांवरून मोडला असता सामना, बाप हावरट ठरला असता, गावभर — चाललं असतं की.



शेरॉनचा उजवा हात जड आहे, नाही? पेपरात वाचलं मी. उजवा — म्हणजे वैशालीच्या डाव्या बाजूला... हे काय बोलून बसलो मी. ताई, तुम्ही ऐकलं नाही हे. शेरॉनला सांगणार नाही ना? नाही सांगणार, तुम्हीही आई आहात — पण शेरॉनची आहात. तिनेच विचारलं, मम्मा, मास्तर काय म्हणाले, तर? नुसता चेहरा बघून कळतं पोरींना. माझी ओळखते, तुमची नाही ओळखणार?

थांबा — गेट वाजलं. तिचीच स्कूटर. लवकर कशी आली ही? चहा राहू द्या आता. कागद घेऊन जा — नको, ठेवा, नसला तर ती विचारेल. पाणी तरी... नको, निघा तुम्ही. जिन्यातला दिवा गेलाय, कठडा धरून उतरा, कठडा सोडू नका. खाली भेटलीच तर नुसतं हसा. निघा ना ताई.

काय? तिचा स्कॅन?

नाही. अजून केलेला नाही.