पुली बसमध्ये अडकली

एटापल्लीकडची कामं काऊन रखडतात, ते मले विचारा. मी तिथं डोझरचा मेकॅनिक होतो. पुरानं खचलेल्या रस्त्यावर आमचा डोझर भराव टाकून राह्यला होता, अन् भर रस्त्यात मधोमध इंजिनची पुली फुटली. पट्टा निसटला, पंखा थांबला, मशीन तापून बंद.

ऑपरेटर देवरावभाऊले घाई होती. संध्याकाळी आलापल्लीले त्यायच्या पोरीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं.

"वेल्डिंग मारून दे न!"

म्या म्हटलं, "भाऊ, वेल्डिंगची पुली जराशी वाकडी फिरली तरी पट्टा खाते. नवीनच पाहिजे, अन् खाचा जुन्या मापाच्याच पाहिजेत."

पार्टच्या दुकानदाराले फोटो पाठवला. त्यानं पुली एसटीत ठेवून दिली. आम्ही वाट पाहत बसलो. दुपार गेली, पण बस काही येईना. शेवटी कंडक्टरचा फोन आला, म्या स्पीकरवर घेतला.

"पुली माह्यापाशी आहे भाऊ, पण बस ट्रकांच्या रांगेत अडकली. समोर कोणाचा तरी डोझर बंद पडला म्हणतेत."

देवरावभाऊनं माह्या हातातला फोन हिसकला. "त्या डोझरवाल्याले हटव म्हणा लवकर! माह्या पोरीचं साक्षगंध आहे!"

म्या म्हटलं, "भाऊ, तो डोझरवाला तुम्हीच आहा."

भाऊ तसेच उठले. रांगेच्या कडेकडेनं बसपर्यंत पायी गेले अन् पुली खांद्यावर घेऊन आले. म्या बसवली, मशीन हलली, रस्ता मोकळा झाला.

भाऊ ग्रीसच्या हातानंच साक्षगंधाले पोचले. व्याही म्हणे, "लय उशीर केला!"

भाऊ म्हणे, "काय सांगू पाव्हणे, रस्त्यात कोण्या येड्यानं डोझर आडवा लावला होता."