ढाब्यावरचा नळ

हसू नका, पण त्या दुष्काळात आमाला पाण्यापेक्षा नळानं जास्त छळलं. जुन्या घरातलं सैपाकघर एवढुसं, अन् बायकोला उभ्यानं सैपाक करायला ओटा पायजे होता. मांजरसुंब्याला एक ढाबा मोडत होता, तिथून सस्त्यात सिंकसकट ओटा आणला. नळ त्याला लागलेलाच होता. पाइप न्हाई, टाकी न्हाई, तसाच बसवला.

दुसऱ्या दिवशी दूध सोसायटीचे चेअरमन चहाला हजर. टँकरची यादी त्यांच्याच हातात. चहा बाजूला ठेवून त्यांनी आधी नळ फिरवला. थेंब न्हाई.

"कॉक कुठून बंद केलाय?"

"कॉकच न्हाई, साहेब. नुसता शोभेला हाय."

"शोभेला नळ कोण लावतंय बे? गुपचूप बोअर घेतलाय तू!"

यादीतून आमचं नाव कटलं.

बायकोनं पाना लावून नळ काढला अन् टँकरच्या रांगेसमोर चेअरमनपुढं धरला. "घ्या, तुमच्याच घरी लावा. अन् आमचं नाव लिवा."

चेअरमन दोन पावलं मागं सरकले. "झाका तो, वहिनी! लोकं म्हणतील, चेअरमननंच बोअर घेतलाय!"

एवढं ऐकलं अन् अख्खी रांग घागरी घेऊन त्यांच्या घराकडं वळली.